डाव्या कोपऱ्यातली चौकट

हे सगळं २०४३ सालचं आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये माझा नवरा जिनदत्त वारला आणि त्याच वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत तो दुसऱ्यांदा गेला. पहिल्या वेळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दुसऱ्या वेळी मी घरातच, त्याच्या समोर बसले होते, पण मला तो दिसत नव्हता. ते कसं, ते सांगते.

आम्ही मिरजेत राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. मी, जिनदत्त आणि त्याची थोरली बहीण त्रिशला. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवता शिकवता काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली आणि पन्नाशीच्या आतच त्यांना पूर्ण अंधार झाला. तेव्हापासून त्या आमच्याकडे. आम्हाला मूल नव्हतं. घरात भांडायला तिसरं माणूस हवंच होतं, असं जिनदत्त म्हणायचा.

मी ज्या कंपनीत काम करायची, ती आंधळ्यांसाठी डोळा बनवत होती. चष्म्याच्या काडीत बसवलेला बारीक कॅमेरा आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, कवटीच्या आत, मेंदूचा जो भाग बघण्याचं काम करतो त्यावर टेकवलेली एक पातळ चकती. मधली वाळून गेलेली नस सोडून द्यायची आणि चित्र सरळ मेंदूपुढे नेऊन ठेवायचं. चकती घडवणारे वेगळे, शस्त्रक्रिया करणारे वेगळे. मी ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कॅमेऱ्याकडून आलेली चित्रं चकतीपर्यंत क्रमाने, न सांडता पोचवणारी आज्ञावली. वन्सं शेजारणींना सांगायच्या, "आमची प्रभा एवढी इंजिनिअर झाली आणि शेवटी ड्रायव्हरकीच करायलीय." माझं नाव स्वयंप्रभा. ते पूर्ण उच्चारायचा धीर आमच्या घरात कुणाला नव्हता.

त्या जानेवारीत वन्संना हा डोळा बसला. त्यांना रंग दिसत नव्हते. करड्या ठिपक्यांची चित्रं दिसायची, पण त्यांतून माणूस ओळखू येई, पायरी कळे, ताटातली भाकरी आणि भात वेगळे दिसत. पट्टी सोडल्यावर त्यांनी आधी भावाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दत्ता, तू अण्णांसारखा दिसायला लागलास की रे."

"म्हातारा झालो म्हण की सरळ, अक्का."

"म्हातारा झालास ते आवाजावरनं कळत होतं. टक्कल कळत नव्हतं."

मग माझ्याकडे वळल्या. "प्रभे, तू मात्र आवाजापेक्षा बरी दिसतेस."

अडीच महिने घरात असं चाललं होतं. वन्संना सगळंच बघायचं असायचं, कुकरच्या शिट्टीपासून कबुतरांपर्यंत. मग मार्चमधल्या एका रविवारी सकाळी जिनदत्त आतल्या खोलीतून हॉलच्या दारात आला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि तो खाली बसला. वन्सं समोरच्या खुर्चीत होत्या. त्यांची हाक ऐकून मी गॅलरीतून धावत आले, तोपर्यंत तो आडवा झाला होता. आमचं गाव दवाखान्यांचं. जिना उतरलं की दवाखाना. त्याचा काही उपयोग झाला नाही.

*

त्यानंतरचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यांत काही घडलंच नाही. दोन बायका एका घरात राहत होत्या आणि एकमेकींना वाढत होत्या. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. पूर्वी त्या जेवणाला जिनदत्त ऑफिसातून धापा टाकत पोचायचा आणि उशीर झाला की रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या घालायचा. आता आम्ही दोघी वेळेवर बसायचो आणि काही बोलायचं नसल्यामुळे लवकर उठायचो. मावळतीनंतरची संध्याकाळ फार लांब असायची. मी माझ्या खोलीत, वन्सं हॉलमध्ये खुर्चीत.

त्या मान किंचित डावीकडे कलती ठेवून बसायला लागल्या होत्या. मला वाटलं मान अवघडली असेल. मी विचारलं नाही.

जूनमध्ये फैयाज मुजावर माझ्या टेबलाशी आला. चकतीवरून रोज येणारी माहिती तपासणं हे त्याचं काम. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण ऑफिसात एकटा तोच मला ताई म्हणायचा.

"ताई, तुमच्या वन्संच्या चकतीतला एक बफर परत येईना झालाय."

"कधीपासून?"

"मार्चमधल्या त्या रविवारपासून," तो खाली बघत म्हणाला. तेव्हाच मला कळलं.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. चित्र मांडायला स्मृतीत जागा लागते, तिला बफर म्हणतात. चकती नखाएवढी, म्हणून तिच्यात बफर सोळाच. कॅमेरा एका बफरमध्ये चित्र मांडतो, दुसरी यंत्रणा त्याचे ठिपके करते, चकती ते ठिपके मेंदूपुढे धरते. सगळ्यांचं काम झालं की ती जागा पुसून तिथे नवं चित्र. हे एका सेकंदात कितीतरी वेळा चालतं. ड्रायव्हरचं निम्मं काम म्हणजे कोणत्या बफरला अजून किती जणांचा हात लागलेला आहे हे लक्षात ठेवणं, आणि शेवटच्याने हात काढल्याशिवाय तो दुसऱ्या कुणाला न देणं. लवकर दिला तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं चित्र एकमेकांत मिसळतं. कधीच सोडवून घेतला नाही तर एक एक करत जागा संपतात आणि दिसणं थिजतं.

फैयाजच्या वडिलांची दवाखान्यांच्या गल्लीत खानावळ होती. नव्याने नोकरीला लागलेल्यांना तो हे खानावळीवरून समजवायचा. सोळाच ताटं आहेत. गिऱ्हाईक हात धुवायला उठलं की ताट उचला, विसळा, पुढच्याला वाढा. जेवत्या माणसापुढचं ताट ओढू नका. त्यामुळे आमच्याकडे सगळे 'बफर मोकळा झाला' असं न म्हणता 'हात धुतले' म्हणायचे.

मोबाइलच्या पडद्याचं सोपं असतं. चित्र वाचायला त्याला ठरलेला वेळ लागतो, आणि तो कोणत्याच चित्रात रमत नाही. आमच्याकडे चित्राचा शेवटचा वाचक मेंदू होता. सुरुवातीला आम्ही त्यालाही ठरावीक वेळ दिला, तर लोकांना घेरी येऊन उलट्या व्हायला लागल्या, कारण कुणाचं बघणं लवकर होतं, कुणाचं उशिरा. मग आम्ही चकतीला ऐकायला शिकवलं. चित्र पोचलं की मेंदूच्या त्या भागात एक लाट उठते, बघून झालं की ती विरते. लाट विरली की हात धुतले, असं समजायचं. ही युक्ती माझी होती आणि तिचं फार कौतुक झालं होतं. वर्षानुवर्षं पडद्यांसाठी ड्रायव्हर लिहिलेली माणसंच असं करू शकतात. आम्ही मेंदूलाही पडदाच धरला. एखादं चित्र बघून कधी संपणारच नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी त्या दिवशी लवकर घरी गेले. वन्सं खुर्चीत होत्या.

"वन्सं, डाव्या बाजूला काय दिसतं तुम्हाला?"

"दत्ता," म्हणाल्या. भाजी कोणती आहे ते सांगावं तशा म्हणाल्या. "कोपऱ्यात असतो. मी कुठंही बघितलं तरी तो तिथंच असतो. बोलायला तोंड उघडलंय बघ."

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं?"

*

माझ्याकडे त्याचे फोटो शेकड्याने होते. फोटोतला जिनदत्त फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतो. वन्संकडे होता तो जिवंत होता, त्याचं पुढचं वाक्य अजून व्हायचं होतं.

ऑफिसात जाऊन मी त्या बफरमधला मजकूर उतरवून घेतला आणि मोठ्या पडद्यावर लावला. राखाडी ठिपके दिसले, जात्याभोवती सांडलेल्या पिठासारखे. प्रत्येक मेंदूला ठिपक्यांची मांडणी वेगळी लागते आणि तीही रोज थोडी सरकते. चकती रोज सकाळी ती नव्याने जुळवून घेते. त्यामुळे ते ठिपके वन्संच्या मेंदूबाहेर कुणाच्याच कामाचे नव्हते. नक्कल ठेवून उद्या त्यांनाच परत दाखवली असती, तर त्यांनाही पीठच दिसलं असतं. जे चित्र त्यांनी सोडलंच नव्हतं, तेवढंच त्यांच्या नजरेबरोबर सरकत राहिलं होतं. मी तिथे बसून राहिले. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते आणि त्यात तो कुठे आहे ते मला सापडत नव्हतं.

त्यानंतर मी वन्संशी त्या विषयावर बोलले नाही. रोज जेवताना त्यांची मान डावीकडे वळे आणि मी भाकरीचे तुकडे मोडत बसे. हेवा वाटत होता, दुसरा शब्द नाही.

सोळातला एक गेला तर बिघडत नाही. पण पावसाळ्यात ते वाढायला लागलं. वन्सं दाराकडे बघायच्या आणि ते दार त्या चित्रातल्या दाराला जाऊन चिकटायचं. तो बफरही सुटायचा नाही. मग खुर्ची, मग उंबरा. ऑगस्टपर्यंत सात बफर अडकले. त्यांना दिसायचं ते धक्क्याधक्क्याने. एकदा चहा ओतताना कप बाजूला सरकल्याचं त्यांना उशिरा दिसलं आणि हात भाजला. एकदा जिन्यात त्या एक पायरी दोनदा उतरल्या.

फैयाज म्हणाला, "ताई, या वेगानं दिवाळीनंतर काही दिसणार नाही त्यांना. पुन्हा काळोख."

"आणखी कुणाचं असं होतंय?"

"चौघांचं. एकाचं कुत्रं मेलंय. एकाची मुलगी सासरी गेली, ती गाडीत बसताना." त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "वरून आलंय, वेळेची मर्यादा घालायची. ठरल्या वेळेत हात धुतले नाहीत तर ताट ओढायचं. दिवाळीच्या आधी सगळ्या चकत्यांत बसवायचं आणि लिहायचं तुम्ही."

मला कवठेमहांकाळच्या बाई आठवल्या. पहिल्या चाचण्यांमधल्या. त्यांनी वारलेल्या आईचं चित्र असंच धरून ठेवलं होतं, फक्त तेव्हा आम्हाला ते कळलं नव्हतं. बॅटरी खाली जाऊन चकती मध्येच बंद पडली, परत सुरू झाली आणि तिने सगळे बफर कोरे समजून वापरायला घेतले. बाईंचं बघणं तर चालूच होतं. त्यांच्या आईच्या चेहऱ्यावर एसटीची पाटी उमटली. चित्र पुढे गेलं, पण डोक्यात जे मिसळलं ते मिसळलंच. आई आठवली की कपाळापासून हनुवटीपर्यंत तासगाव-जत लिहिलेलं दिसायचं. त्या मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, मी आता आईला आठवायचंच बंद केलंय."

मी घरी येऊन वन्संना सगळं सांगितलं. ताटांचं उदाहरण देऊन सांगितलं. आमच्यात काही जुनी माणसं जेवण झालं की ताटात पाणी घालून, ताट धुऊन ते पाणी पितात, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. वन्सं रोज तसं करायच्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं ताट मी स्वतः धुते. कुणी ओढून घ्यायचं नाही."

"मग धुवा ना. सोडा त्याला."

"मी धरलंय होय? तोच उभा आहे."

"वन्सं, पुन्हा काही दिसणार नाही तुम्हाला."

"पंधरा वर्षं दिसत नव्हतं. मेले नाही."

"तेव्हा तो होता तुम्हाला हात धरून न्यायला. आता मी एकटी आहे."

"मग तुझी अडचण सांग की. माझ्या डोळ्यांचं नाव कशाला घेतेस?" त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्चीची पाठ चाचपून धरली. "खरं सांगू का प्रभे? तुझा नवरा गेला आणि माझा भाऊ अजून आहे, हे तुला खुपतंय."

ते खरं होतं. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही फक्त मीठ, पाणी आणि वरण एवढेच शब्द वापरले.

मी मर्यादेची आज्ञावली लिहिली. साधीच होती, थोड्या ओळींची. फैयाजने ती तपासली. मग कपाळ चोळत म्हणाला, "चांगली लिहिलीय ताई. उगाच चांगली लिहिलीय." वन्संची चकती सगळ्यात शेवटी घ्यायची, एवढंच मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

*

दसरा झाला. बाकीच्या चौघांपैकी दोघांना मर्यादा बसली होती. कुत्र्याच्या मालकाने फोन करून फैयाजला काय काय सुनावलं, ते त्याने मला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो जेवला नाही. वन्संची पाळी सोमवारी होती.

शनिवारी मी दुपारीच घरी आले. ऊन हॉलमध्ये आत आलं होतं. वन्सं मुगाची डाळ निवडत होत्या, म्हणजे बोटांनी निवडत होत्या. डोळ्यांचा आता फारसा भरवसा राहिला नव्हता. मी समोर बसले आणि अर्धं सूप माझ्याकडे ओढलं.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"कोण?"

"तो. कोपऱ्यातला."

त्यांची बोटं थांबली. इतक्या महिन्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"दारात आहे," त्या म्हणाल्या. "एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर."

"चप्पल?"

"अनवाणी. केस विंचरलेत. जे आहेत ते."

"शर्ट कोणता?"

"रंग मला कुठं दिसतात बाई. चौकटीचा आहे. वरचं बटण लावलेलं नाही." त्या पुढे बोलत राहिल्या, मान डावीकडे, डाळ विसरून. "आणि गबाळा तो गबाळाच. एक बाही दुमडलीय, एक तशीच लोंबतेय."

"कोणती लोंबतेय?"

"उजवी." मग त्यांचा आवाज खाली गेला. "प्रभे, तुला एक सांगू? तो उजवा हात पुढं केलाय त्यानं. असा. आणि तोंड उघडलंय, मला हाक मारायला. अक्का म्हणायला निघालाय तो. पाणी मागत होता गं तो. त्याला आतून काहीतरी होत होतं आणि तो माझ्याकडे हात पुढं करून पाणी मागत होता, आणि मी नुसती बघत बसले. मला बघायची एवढी हौस आली होती ना. मी रोज वाट बघते, तो काय म्हणतोय ते म्हणू दे एकदा."

इतके दिवस मला वाटत होतं की त्या सुखात आहेत.

"हात कसा आहे?" मी विचारलं. "तळवा वर आहे का?"

"नाही. तळवा खाली."

"मूठ?"

"अर्धवट. मनगट पुढं."

"वन्सं, पाणी मागणारा माणूस मनगट पुढं करतो का?"

त्यांनी स्वतःचा हात पुढे करून बघितला, तळवा खाली, मनगट पुढे.

"त्याला उजवी बाही दुमडता येत नव्हती," मी म्हणाले. "डाव्या हाताने त्याला काहीच जमायचं नाही. डावी बाही तो स्वतः दुमडायचा आणि उजवी माझ्याकडे घेऊन यायचा. लग्न झाल्यापासून. मी कणीक मळत असले तरी तसाच पुढ्यात उभा राहायचा, हात असा पुढे करून. तुम्ही हॉलमध्ये आणि हे सगळं स्वयंपाकघरात, तुम्हाला कसं माहीत असणार? तो मला शोधत होता. मी स्वयंपाकघरात असेन असं समजून निघाला होता."

"मग तोंड कशाला उघडलंय?"

"'प्रभा, बाही,' म्हणायला. दोनच शब्द. रोज तेवढेच पुटपुटायचा."

वन्सं बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला.

"एवढा बँकेत मॅनेजर झाला," त्या म्हणाल्या, "आणि बाही दुमडायला बायको लागायची."

"मी नसले तर दिवसभर एकच बाही दुमडून हिंडायचा."

"ऑफिसात तसाच?"

"तसाच. लोकांना वाटायचं, साहेबांची फॅशन आहे."

आता मलाही हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. मी त्यांना सांगत सुटले. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने हात पुढे केला तेव्हा मला वाटलं हातात हात मागतोय, आणि मी सासूबाईंसमोर लाजले होते. वन्संना हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. त्या माझ्याकडे तोंड करून ऐकत होत्या, मध्ये मध्ये विचारत होत्या, मग काय म्हणाला, आई काय म्हणाली. मान सरळ झाली होती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मी बोलता बोलता थांबले, कारण त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागल्या होत्या. हॉलच्या दाराच्या वर.

"तिथं जाळं झालंय," वन्सं म्हणाल्या.

मी वळून बघितलं. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात खरंच जाळं होतं, चांगलं जुनं, धुळीने जड झालेलं.

"एवढं मोठं जाळं, आणि तुला दिसलं नाही? डोळे तुझे चांगले ना?" मग जरा वेळाने, "कोळी मारू नकोस. नुसतं काढ."

मी स्टूल आणायला आत गेले. फोन वाजत होता. फैयाज होता. शनिवारची सुट्टी असून तो ऑफिसात बसला होता.

"ताई, आले," तो म्हणाला. "सगळे आले. ओळीनं बारा. मी हातही लावलेला नाही."

मी फोन ठेवला आणि स्टूल घेऊन बाहेर गेले. वन्संनी डाळ निवडायला घेतली होती. या वेळी डोळ्यांनी.

*

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि मर्यादेची आज्ञावली मागे घ्या म्हणून सांगितलं. सहज झालं नाही ते, वर्षभर भांडावं लागलं. बघितलेलं दुसऱ्याला सांगताना माणूस चित्राकडे बघत नाही, ऐकणाऱ्याकडे बघतो, आणि तेवढ्यात लाट विरते, हे पुढे डॉक्टरांनी मोजून दाखवलं. आम्ही एवढंच केलं की दोन-तीन बफर अडकले की चकती घरच्यांना कळवते, आणि घरच्यांनी विचारायचं: काय दिसतंय? संपेपर्यंत ऐकायचं. म्हणून मग नियम झाला की घरात असं ऐकणारं माणूस असल्याशिवाय हा डोळा कुणाला बसवायचा नाही. नियमाचा मसुदा मी केला.

कवठेमहांकाळच्या बाईंचं आम्हाला काही करता आलं नाही. त्या थोरल्या बहिणीकडून आईचं वर्णन ऐकायच्या, असं त्यांच्या मुलाने नंतर कळवलं. पाटी गेली नाही. कुत्र्याच्या मालकाने डोळा काढून घेतला.

फैयाजने पुढे नोकरी सोडली आणि वडिलांची खानावळ पुन्हा सुरू केली. मी गेले की माझ्यापुढचं ताट तो कुणाला उचलू द्यायचा नाही, मुद्दाम. तो जाऊन दोन वर्षं झाली.

वन्सं त्यानंतर चौदा वर्षं होत्या. त्यांचे बफर पुन्हा कधी अडकले नाहीत, कारण जे काही दिसेल ते त्या मला लगेच सांगायच्या, मी कामात असले तरी, कंटाळले तरी. समोरच्या गॅलरीतल्या बाईचं नवं मांजर, पोस्टमनची चाल, माझे पिकलेले केस. शेवटच्या आजारात दवाखान्यातला पंखा वाकडा फिरतोय, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, हो, वाकडाच आहे. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

राहिले मी. एक्क्याऐंशी वर्षांची आहे. माझ्या नजरेचा मधला भाग आता गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. हे मी बोलतेय आणि यंत्र उतरवून घेतंय. डोळ्याचं तंत्र खूप पुढे गेलंय, रंगसुद्धा दिसतात म्हणे. गेल्या महिन्यात मी तपासणीला गेले. तिथली मुलगी गोड होती. वय विचारलं, औषधं विचारली, आणि मग विचारलं, "आजी, घरी ऐकणारं माणूस कोण?"

मी म्हटलं, कुणी नाही.

खुर्ची माझ्याजवळ ओढून ती हा नियम का आहे ते मला समजावून सांगायला लागली. मी तिला बोलू दिलं. चांगलं समजावत होती.